साखर उतरली म्हणून, की अर्कामुळे? जांभूळ बियांवरच्या एका प्रबंधाचं प्रकरण

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातल्या एका फार्मसी महाविद्यालयातलं आहे. माणसं आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रयोगाचा आराखडा आणि त्यातले पेच मात्र बदललेले नाहीत. मी यात बाहेरून आलो. प्रबंध सादर व्हायच्या थोडं आधी गाईड सरांनी मसुदा वाचायला दिला आणि पुढच्या टप्प्यात मी सल्ल्यासाठी सोबत राहिलो. औषधी वनस्पती आणि मधुमेह या विषयावर आपल्याकडे दरवर्षी कितीतरी एम.फार्म. प्रबंध होतात. बहुतेकांचा आराखडा याच साच्यातला असतो, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

जांभळाचा गर काढून विकणाऱ्या एका छोट्या उद्योगाकडे हंगामात बियांचे ढीग साचायचे. मालकांनी त्या वाळवून, दळून पावडर विकायला सुरुवात केली. मधुमेहासाठी जांभूळ बी घेणारी माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतात, त्यामुळे खप होता. पाकिटावर छापायला त्यांना शास्त्रीय आधार हवा होता आणि महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय. अशी गाठ पडली.

बियांचा पाणी आणि अल्कोहोल मिसळून अर्क काढला. आधी परीक्षानळीतली चाचणी झाली. डीपीपीएच नावाचं जांभळ्या रंगाचं रसायन अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडेशनची नासधूस रोखणारा पदार्थ) भेटला की फिकं पडतं. ५१७ नॅनोमीटरला रंग मोजला की अर्काची ताकद कळते. जांभळाच्या बीमध्ये गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल आणि टॅनिन भरपूर, त्यामुळे रंग झपाट्याने उतरला. मग विस्टार जातीच्या उंदरांवर प्रयोग. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारणाऱ्या स्ट्रेप्टोझोटोसिनचं (लॅबमध्ये सगळे एसटीझेडच म्हणतात) एक इंजेक्शन, वजनाच्या दर किलोमागे ५५ मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी साखर २५०च्या वर गेलेले उंदीर मधुमेही धरले. पाच गट, प्रत्येकी सहा: निरोगी, औषधाविना मधुमेही, अर्क किलोमागे २०० मिलिग्रॅम, अर्क किलोमागे ४०० मिलिग्रॅम आणि साखर उतरवणारं नेहमीचं औषध ग्लायबेनक्लामाइड. अठ्ठावीस दिवस तोंडावाटे औषध, शेवटी यकृत आणि मूत्रपिंड काढून तपासणी.

निकाल देखणे होते. ४०० मिलिग्रॅमच्या गटात साखर चांगली उतरली. चरबीच्या ऑक्सिडेशनची खूण असलेलं एमडीए यकृतात आणि मूत्रपिंडात घटलं. ग्लुटाथिओन, एसओडी, कॅटलेज हे शरीराचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट वाढले. मसुद्याचा निष्कर्ष होता: जांभूळ बियांचा अर्क प्रभावी अँटिऑक्सिडंट असून त्याद्वारे मधुमेहात संरक्षण देतो.

अडचण

सादरीकरणापूर्वीच्या सेमिनारमध्ये जीवरसायनशास्त्राच्या एका ज्येष्ठ अध्यापकांनी एकच तक्ता परत दाखवायला सांगितला. म्हणाले, "ग्लायबेनक्लामाइडच्या गटातही एमडीए जवळपास तेवढंच उतरलंय. मग त्यालाही अँटिऑक्सिडंट म्हणायचं का?"

विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ते स्टँडर्ड ड्रग आहे."

"स्टँडर्ड कशाचं? साखरेचं. हा तक्ता तर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा आहे."

सगळं प्रकरण या दोन वाक्यांत आहे. मधुमेहात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे मुक्त मूलकांमुळे (ऑक्सिजनच्या अस्थिर, मारक रेणूंमुळे) पेशींवर येणारा ताण, मुळात येतो कुठून, याचं बरंच उद्धृत होणारं उत्तर मधुमेह-संशोधक मायकल ब्राउनली यांनी २००१ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. पेशीत साखर जास्त शिरली की मायटोकॉन्ड्रियातून (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांतून) सुपरऑक्साइड नावाचं असंच एक मूलक जास्त तयार होतं आणि त्यातून पेशींची नासधूस करणारे चार जैवरासायनिक मार्ग चेतवले जातात. म्हणजे साखर कुठल्याही उपायाने उतरवली तरी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस उतरणारच. नळ बंद केला तरी फरशी सुकते आणि पुसली तरी सुकते. नुसती सुकी फरशी पाहून कोणी काय केलं ते सांगता येत नाही. या प्रयोगात एमडीए आणि ग्लुटाथिओन ही सुकी फरशी होती. अर्काने साखर उतरवली हे दिसत होतं. त्याखेरीज त्याने आणखी काही केलं का, हे या आराखड्यातून कळणं शक्यच नव्हतं.

परीक्षानळीतल्या निकालाचा इथे फारसा आधार मिळत नाही. तिथे अर्क थेट रसायनात ओतलेला असतो. एलॅजिक आम्ल आतड्यातून फार कमी शोषलं जातं. त्याचा बराचसा भाग आतड्यातले जिवाणू मोडतात आणि त्यातून युरोलिथिन नावाची वेगळीच संयुगं बनून रक्तात जातात. डीपीपीएचच्या नळीत जे रेणू होते, ते मूत्रपिंडापर्यंत त्याच रूपात पोचतच नाहीत.

मसुदा वाचताना आणखी एक गोष्ट खटकली म्हणून मी नोंदवही मागितली. तिसऱ्या दिवशीची, म्हणजे अर्क सुरू होण्याच्या आधीची साखर पाहिली तर अर्काच्या दोन्ही गटांत ती मधुमेही गटापेक्षा थोडी कमी होती. कारण पुढच्याच पानावर होतं. एसटीझेड ४.५ पीएचच्या थंड सायट्रेट बफरमध्ये विरघळवून काही मिनिटांत टोचावं लागतं, नाहीतर ते निकामी होऊ लागतं. इथे एकदाच द्रावण करून पिंजऱ्यांच्या क्रमाने सगळ्यांना टोचलं होतं आणि गटही त्याच क्रमाने पाडले होते. शेवटच्या पिंजऱ्यांना उतरलेली मात्रा मिळाली आणि तेच पिंजरे अर्काचे गट ठरले. फरक मोठा नव्हता, पण सगळा अर्काच्या बाजूने झुकलेला होता. यात कोणाचा खोटेपणा नव्हता. लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलं होतं.

समोर असलेले पर्याय

सादरीकरणाची मुदत जवळ होती. विद्यापीठाकडून मुदतवाढ मिळू शकत होती, पण तिला एका कंपनीत नोकरीचं बोलावणं आलेलं होतं आणि घरून लवकर आटपण्याचा आग्रह होता. हे बाजूला ठेवून पर्यायांची चर्चा करणं अप्रामाणिकपणाचं ठरलं असतं. आम्ही तिघं बसलो तेव्हा सगळ्यात आधी तिला विचारलं की तिच्याकडे किती वेळ आहे.

पहिला पर्याय भाषा बदलण्याचा. आकडे तेच ठेवायचे आणि 'अँटिऑक्सिडंट परिणाम' ऐवजी 'साखर आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या निर्देशांकांत सुधारणा' लिहायचं. हे खरं ठरलं असतं आणि तिला पदवीही मिळाली असती. पण पिंजऱ्यांच्या क्रमाचा प्रश्न तसाच राहिला असता.

दुसरा पर्याय हाताशी असलेल्या आकड्यांतून संख्याशास्त्राने साखरेचा भाग वजा करण्याचा. ऐकायला आकर्षक वाटतो. पण मधुमेही गटातल्या सगळ्या उंदरांची साखर वरच्या टोकाला आणि अर्काच्या गटाची खालच्या टोकाला, मध्ये कोणीच नाही. सारख्याच साखरेचे, एक अर्कवाला आणि एक बिनअर्काचा असे दोन उंदीर आकडेवारीत नसतील तर त्यांची तुलना गणिताने जन्माला घालता येत नाही. गटात सहाच जनावरं असताना तर नाहीच.

तिसरा, नव्या प्रयोगाचा: मधुमेही उंदरांच्या एका गटाला इन्सुलिन देऊन त्यांची साखर अर्काच्या गटाइतकीच ठेवायची. इतकीच, त्याहून खाली नाही. मग दोन्ही गटांत नळ सारखाच बंद असेल आणि अर्काच्या गटात एमडीए आणखी उतरलेलं दिसलं तर तो अर्काचा स्वतःचा परिणाम.

इन्सुलिनऐवजी डापाग्लिफ्लोझिन वापरावं अशी सूचना गाईड सरांनी केली. ते लघवीवाटे साखर बाहेर टाकतं, त्यामुळे इन्सुलिनचे स्वतःचे दाहशामक परिणाम मध्ये येत नाहीत. मुद्दा बिनतोड होता. पण एसटीझेडने बीटा पेशी मारलेल्या उंदरात इन्सुलिनची आधीच वानवा. त्यात हे औषध दिलं तर कीटोन (चरबी जळून बनणारी, रक्त आम्लधर्मी करणारी संयुगं) वाढण्याची भीती, आणि त्याचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट परिणाम असल्याचेही दावे आहेत. आम्ही इन्सुलिनवर थांबलो. एवढी ताणलेली निवड या प्रकरणात दुसरी नव्हती, आणि दुसऱ्या लॅबने उलटं ठरवलं असतं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

ग्लायबेनक्लामाइडचा गट मात्र एकमताने गळाला. हे औषध जिवंत बीटा पेशींना इन्सुलिन सोडायला लावतं. पहिल्या प्रयोगात त्याने साखर उतरवली याचा अर्थ बऱ्याच बीटा पेशी शिल्लक होत्या. त्यातून अर्काबद्दल काही शिकायला मिळत नाही.

विद्यार्थिनीने दोन दिवस मागून घेतले आणि परत येऊन म्हणाली, "सर, पाकिटावर माझ्या प्रबंधाचं नाव छापलं जाणार आहे. परत करूया." मुदतवाढीचा अर्ज तिने स्वतः लिहिला.

काय केलं

पहिला टप्पा प्राणी नैतिकता समितीचा. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली असा प्रत्येक प्रयोग संस्थेच्या समितीसमोर जातो आणि तिच्यावर केंद्राने नेमलेला सदस्यही असतो. आम्ही ३२ उंदीर मागितले. समितीने रास्त प्रश्न विचारला: पहिल्या प्रयोगातलं मूत्रपिंड आणि यकृत गोठवून ठेवलं आहे ना, मग जुना मधुमेही गट का वापरत नाही? उत्तर असं की साठवणीत ग्लुटाथिओन घटतं आणि एमडीए वाढतं, म्हणून महिनोन्‌महिने गोठवलेल्या ऊतीशी ताज्या ऊतीची तुलना केली तर नव्या गटांना फुकटचा फायदा मिळतो. समितीला पटलं, पण निरोगी गट आठावरून चारवर आणायला त्यांनी सांगितलं. तोही सल्ला योग्यच होता, कारण आमची खरी तुलना निरोगी उंदरांशी नव्हतीच. मंजुरी २८ उंदरांना मिळाली: निरोगी चार, मधुमेही, अर्क ४०० आणि इन्सुलिन प्रत्येकी आठ.

या वेळी एसटीझेडच्या छोट्या कुप्या करून प्रत्येक पिंजऱ्यासाठी ताजं द्रावण केलं. नंतरची रात्र उंदरांना पाच टक्के ग्लुकोजचं पाणी ठेवलं. मरणाऱ्या बीटा पेशी साठवलेलं इन्सुलिन एकदम सोडतात आणि साखर कोसळून उंदीर दगावू शकतात. तिसऱ्या दिवशीच्या साखरेनुसार उंदीर उतरत्या क्रमाने लावून तीन-तीनच्या जुड्या केल्या आणि प्रत्येक जुडीत चिठ्ठ्या टाकून गट ठरवले. कुठली नळी कुठल्या गटाची हे अ‍ॅनिमल हाऊसच्या मदतनीसांनी सांकेतिक अंकांत लिहून पाकीट बंद केलं. तपासणी करणाऱ्या विद्यार्थिनीला ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

सगळ्यात कठीण गेलं ते इन्सुलिनने साखर जुळवणं. अर्काच्या गटाची साखर कशी उतरते हे आधी कळल्याशिवाय जुळवायचं कशाशी? म्हणून इन्सुलिनच्या गटाला आणि त्याच्यासोबतच्या निम्म्या मधुमेही उंदरांना एक आठवडा उशिरा सुरुवात केली. अर्काच्या गटाचा आलेख एक आठवडा पुढे चालायचा आणि त्याच्या मागून इन्सुलिनची मात्रा ठरायची. उंदीर रात्री खातात, त्यामुळे संध्याकाळची मात्रा मोठी ठेवली. पहिल्या आठवड्यात साखर झोके घेत होती. एका पहाटे दोन उंदीर सुस्त पडलेले मदतनीसांना दिसले आणि ग्लुकोज पाजून सावरले. त्यानंतर आम्ही मात्रा कमी केली आणि पहाटेचं रीडिंग वाढवलं. शेवटच्या दहा-बारा दिवसांत दोन्ही आलेख एकमेकांवर बसले.

मोजमापातही दोन बदल केले. एमडीएची चाचणी थायोबार्बिट्युरिक आम्लाच्या गुलाबी रंगावर चालते, ५३२ नॅनोमीटरला, आणि त्या रंगात रक्ताचं हिमोग्लोबिन, साखर, वनस्पतीतली रंगद्रव्यंही मिसळतात. म्हणून अवयव काढण्याआधी थंड सलाइनने रक्त धुऊन काढलं आणि प्रत्येक नमुन्याची आम्लाविना एक कोरी नळी लावली. अर्काची शेवटची मात्रा आदल्या दिवशी सकाळी दिली, म्हणजे रक्तात रेंगाळलेला अर्क चाचणीच्या नळीतच प्रताप दाखवणार नाही.

निष्पत्ती

पाकीट उघडलं तेव्हा मूत्रपिंडाचा निकाल सरळ होता. मधुमेही गटापेक्षा अर्काच्या गटात एमडीए कमी आणि कॅटलेज जास्त. इन्सुलिनच्या गटातही नेमकं तसंच. दोघांत वेगळं काढण्याजोगं काही नव्हतं. मूत्रपिंडात जे संरक्षण दिसत होतं ते साखर उतरल्याचं होतं.

यकृतात एमडीए दोन्ही गटांत सारखं, पण ग्लुटाथिओन अर्काच्या गटात इन्सुलिनच्या गटापेक्षा वर राहिलं. एसओडीच्या आकड्यांत इतकी पसरण होती की त्यावर काही न लिहिणंच बरं असं ठरलं. यकृतातल्या फरकाला अर्थ असू शकतो. आतड्यातून शोषलेलं सगळं आधी यकृतात जातं, तेव्हा अर्कातल्या संयुगांशी त्याची गाठ सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त प्रमाणात पडते. शिवाय ग्लुटाथिओन वाढणं म्हणजे अर्काने मुक्त मूलकं टिपली असं नाही. पेशीने स्वतःच ग्लुटाथिओन बनवण्याचा वेग वाढवला असू शकतो. ही दुसरी शक्यता मला जास्त संभवनीय वाटते, आणि तसं असेल तर डीपीपीएचच्या नळीतल्या आकड्याशी तिचा संबंध आणखी क्षीण होतो.

प्रबंधाचं शीर्षक बदललं. 'अँटिऑक्सिडंट परिणाम' जाऊन 'साखरेच्या नियंत्रणापासून वेगळा काढता येणारा परिणाम' आला. पहिला प्रयोग वगळला नाही. तो दोषांसकट पहिल्या प्रकरणात दिला आणि दुसरा त्याच्यापुढे ठेवला. व्हायवाला परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्या दोन प्रकरणांच्या तुलनेवर घालवला.

मालकांना निकाल सांगायला आम्ही तिघं गेलो. आधी मात्रेचं गणित कागदावर मांडलं. उंदराची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाचं प्रमाण धरतात. ४०० ला ६ ने गुणून ३७ ने भागलं की किलोमागे साधारण ६५ मिलिग्रॅम येतात. ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास चार ग्रॅम अर्क. अर्काचा उतारा (बियांच्या वजनातून मिळणारा अर्क) बारा टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे तेवढ्यासाठी तीस ग्रॅमहून जास्त बी. जांभूळ बी चूर्णाची रूढ मात्रा आहे दिवसाला तीन ते सहा ग्रॅम. पाकिटावर छापलेला चमचाभर डोस आणि प्रयोगातला डोस यांत पाच-दहा पटींची दरी होती.

मालक म्हणाले, "ताई, म्हणजे माझी पावडर निरुपयोगी आहे का?" तिने उत्तर दिलं की तसं प्रयोगाने सिद्ध केलेलं नाही, पण 'मधुमेहावर गुणकारी' असंही सिद्ध केलेलं नाही. तसं छापणं कायद्यातही बसत नाही. १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. त्यांना ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रेमधल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीबद्दलही सांगितलं. मधुमेही रुग्णांना जांभळाच्या पानांचा चहा दिला, तर साखर हलली नाही. तुलनेला दिलेल्या ग्लायबेनक्लामाइडने ती उतरली. पानं म्हणजे बी नव्हे, हे खरंच. पण माणसांवरची चाचणी काय सांगू शकते ते त्यांना पाहता आलं.

'अँटिऑक्सिडंट' या शब्दाचा मोह त्यांना शेवटपर्यंत सुटत नव्हता. तेव्हा होप चाचणीचा दाखला दिला. हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,५०० हून जास्त लोकांना, ज्यांत मधुमेही मोठ्या संख्येने होते, सरासरी साडेचार वर्षं रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व किंवा खोटी गोळी दिली. २००० साली आलेल्या निकालात काही फायदा दिसला नाही, आणि २००५ मधल्या पुढच्या पाठपुराव्यात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण जास्त निघालं. परीक्षानळीत ई जीवनसत्त्व उत्तम अँटिऑक्सिडंट आहे. गोळ्या बंद करून पावडरवर जाणारा माणूस हा शब्द वाचूनच धीर करतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पुढच्या छपाईत त्यांनी पाकिटावर घटक, वजन आणि 'चालू औषधं बंद करू नका' एवढंच ठेवलं.

वेगळं काय करता आलं असतं

साखर जुळवलेला गट पहिल्याच प्रोटोकॉलमध्ये असता तर ३० उंदरांचा पहिला प्रयोग वाचला असता. त्यासाठी पैसे जास्त लागतात ही तक्रार खरी आहे, पण २०० मिलिग्रॅम आणि ग्लायबेनक्लामाइड हे दोन गट गाळले असते तर खर्च तिथल्या तिथे भागला असता.

अर्क कधी सुरू करायचा याचाही विचार आधी व्हायला हवा. इथे तो मधुमेह जडल्यावर सुरू झाला, ते बरोबर होतं. काही प्रबंधांत अर्क आठवडाभर आधीपासून देतात आणि मग अलॉक्सान हे मधुमेह जडवणारं दुसरं रसायन टोचतात. अलॉक्सान स्वतःच मुक्त मूलकं तयार करून बीटा पेशी मारतं. पोटात आधीच अँटिऑक्सिडंट असेल तर विषाची धार बोथट होते आणि उंदराला मधुमेह कमी होतो. त्याला मधुमेहावरचा उपचार म्हणता येत नाही.

थायोबार्बिट्युरिक आम्लाच्या चाचणीऐवजी आयसोप्रोस्टेन (चरबीच्या ऑक्सिडेशनची जास्त नेमकी खूण) मोजले असते तर निकालावर जास्त भरवसा ठेवता आला असता. त्यासाठीचं किट महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर होतं. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी आधी बोलणी केली असती तर कदाचित जमलं असतं.

आणि अर्काची ओळख. दुसऱ्या प्रयोगाला बिया पुढच्या हंगामातल्या लागल्या. एचपीएलसीवर (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) गॅलिक आणि एलॅजिक आम्लाचं प्रमाण पाहिलं तेव्हा दोन्ही अर्क एकसारखे नव्हते. त्यामुळे यकृतातल्या ग्लुटाथिओनचा निकाल पहिल्या प्रयोगाशी थेट ताडता येत नाही. आता दोन्ही हंगामांचे अर्क सीलबंद करून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवले आहेत. पुढच्या विद्यार्थ्याने यकृताचा प्रश्न हाती घेतला तर सुरुवात तिथून करायची: आधी कोणत्या अर्काने ग्लुटाथिओन वाढतं ते पेशींवर पाहायचं, आणि मगच समितीकडे उंदीर मागायचे.